कापलेल्या पायांची कात

या ग्रुपवर जे नेहमी वाचतात त्यांना माझं नाव ओळखीचं असेल, आणि बहुतेक नकोसंही. कुणाला माळ्यावर पावलं ऐकू आली, कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली... की खाली 'पुरावा काय? तिथे आणखी कोण होतं? आदल्या रात्री झोप झाली होती का?' असं विचारणारी मीच. ॲडमिननी मला याबद्दल समजही दिलेली आहे. तेव्हा आज मीच अनुभव लिहिते आहे हे पाहून ज्यांना हसू येईल त्यांनी आधी हसून घ्यावं. मी थांबते.

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकं होती. माझे वडील — आम्ही त्यांना दादा म्हणतो — टाकवे बुद्रुकला राहतात, तिथल्याच एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते. सुटीच्या दिवशी ते कामशेतच्या बाजारात उभे राहून पत्रकं वाटत. करणी, भानामती, अंगात येणं, अंगारे-धुपारे... या सगळ्याच्या विरोधातली. मला अक्षर-ओळख व्हायच्या आधी पत्रकाची घडी घालता येत होती. पुढे दहावी-बारावीत मीच ती लिहायला लागले. शाई अजून ओली असताना येणारा तो वास मला कुठल्याही उदबत्तीपेक्षा प्यारा आहे. मी काही मानत नव्हते, आणि आजही मानत नाही. फक्त आता हे वाक्य लिहून झाल्यावर मला उठून खोलीत एक फेरी मारावी लागते.

तर जागा नीट सांगते. लोणावळ्यातलं एक जुनं कॉलेज. नाव देत नाही, कारण कॉलेजचा यात काही दोष नाही. प्राणीशास्त्राची लॅब पहिल्या मजल्यावर आहे आणि तिच्या खिडक्या घाटाच्या बाजूला उघडतात. पावसाळ्यात धुकं सरळ आत येऊन बसतं. भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून सूक्ष्मदर्शकाशेजारी दिवसभर पिवळा बल्ब पेटता ठेवावा लागतो. शनिवार-रविवारी खालच्या रस्त्याला पर्यटकांच्या गाड्या अडकतात आणि हॉर्न थांबतच नाहीत. मी खोली घेऊन कामशेतला राहते आणि रोज इथे येते. माझं पद — प्रकल्प सहायक.

मी ज्याच्यावर काम करत होते तो समुद्राच्या तळाचा प्राणी या डोंगरावर कसा आला, असं कुणीही विचारेल. तो आला मॅडममुळे. आमच्या मॅडमनी सगळं आयुष्य एकाच गटाच्या प्राण्यांवर घालवलं आहे, त्यामुळे संशोधनाच्या जहाजांवरून अशा बाटल्या त्यांच्याकडे येतात. ही बाटली अरबी समुद्रातून आली होती. जिथे उजेड कधीच पोचत नाही अशा खोलीतून जाळं वर ओढलं, त्यात हा एकच सापडला. जहाजावरच तो अल्कोहोलमध्ये टाकला गेला आणि कित्येक महिन्यांनी आमच्या टेबलावर आला.

ओली कुंडी उचलली की खाली एक राखाडी किडा दिसतो, हात लावला की त्याची गोळी होते. तो खरं तर किडा नाही, खेकड्या-कोळंबीच्या कुळातला आहे. आमचा प्राणी त्याचाच लांबचा भाऊ. फक्त हा अंगठ्याएवढा, शिजवलेल्या भाताच्या रंगाचा आणि आंधळा. म्हणजे डोळे गेलेला असं नव्हे. डोळ्यांच्या जागी काहीच नाही, नुसतं नितळ कवच. त्याऐवजी डोक्यापासून निघून पार शेपटीपर्यंत पोचणाऱ्या मिशा. जबडे दोन, आणि दोन्ही सारखे नाहीत. डाव्याला एक जास्तीची दातेरी पट्टी आहे. धडाचे सात खंड, प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी. पुढच्या तीन जोड्या आत वळलेल्या, धरायला. मागच्या चार लांब, चालायला. पोटाखाली कागदासारख्या पातळ पाकळ्यांच्या पाच जोड्या, त्यांनी तो पोहायचा आणि त्यांनीच श्वास घ्यायचा. शेवटी शेपटीचं पान, त्याच्या कडेला केसांची झालर.

हे सगळं मी काढलं. सूक्ष्मदर्शकाला आरशाची एक नळी लावतात, तिच्यातून प्राणी आणि आपल्या पेन्सिलीचं टोक एकदम दिसतं. त्यावरून रेष ओढायची. जे दिसतं तेच काढायचं, जे दिसायला हवं असं वाटतं ते नाही. मला हे काम आवडतं ते यासाठीच. पत्रकाचा आणि याचा नियम एकच आहे असं मला वाटायचं.

आमच्या कामात एक रीत आहे. अवयव सुटे करायचे ते एकाच बाजूचे, आम्ही डावे करतो. उजव्या बाजूला हात लावायचा नाही, म्हणजे उद्या कुणाला आमचं म्हणणं पडताळायचं असेल तर प्राण्यात काही शिल्लक राहतं. सुटा केलेला प्रत्येक पाय काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा, वर पातळ काच, आणि कडा नेलपॉलिशने बंद. मी जूनमध्ये डावी बाजू पूर्ण केली. त्यात डावा सहावा पाय वेगळा निघाला. त्याचं नख आखूड आणि फाटलेलं, शेवटचा सांधा तिरका. उजवा सहावा अगदी सरळ. म्हणजे कधीतरी या प्राण्याचा तो पाय दुखावला होता आणि वेडावाकडा भरून आला होता. जातीचं लक्षण नव्हे, त्याचं एकट्याचं. तरीही मी तो काढला, कारण दिसला.

नव्या जातीचं वर्णन छापून आलं की नावाच्या मागे वर्णन करणाऱ्यांची नावं लागतात आणि ती कायमची राहतात. मॅडमच्या बरोबरीने माझं लागणार होतं. दादांनी छापून यायच्या आधीच सगळ्या टाकव्यात सांगून टाकलं होतं. मी दळण आणायला गेले तरी लोक विचारायचे, "तुजा खेकडा कुटवर आला?"

ऑगस्टात सुट्या जोडून आल्या होत्या. त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी मला उजव्या सातव्या पायावरचे केस पुन्हा एकदा तपासायचे होते. कपाट लोखंडी, त्याच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, दुसरी मॅडमकडे, आणि मॅडम सुटीभर पुण्यात होत्या. मी बाटली उजेडात धरली तेव्हा आत काहीतरी पांढुरकं तरंगत होतं. मला वाटलं लेबलाचा कागद सुटला. ताटलीत ओतलं.

ती कात होती.

इथे थोडं सांगावं लागेल. हे प्राणी सापासारखी एकसंध कात टाकत नाहीत. अर्धी-अर्धी टाकतात. आधी मागच्या अर्ध्या अंगाची, मग काही काळाने पुढच्या अर्ध्याची. समोर होती ती मागच्या अर्ध्याची. आतून पोकळ, काचेसारखी, एक तडा नाही. शेपटीच्या पानाची झालर जशीच्या तशी. आणि पाय. पाचवा, सहावा, सातवा. उजवे तीन.

डावे तीन.

मी उठले. खिडकीपर्यंत गेले. परत आले, परत मोजले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी रिव्हर्स घेत होतं आणि त्या गाडीचं भसाडं गाणं वाजत होतं. मी काचपट्ट्यांची पेटी काढली. डावा पाचवा, डावा सहावा, डावा सातवा... तिन्ही आपापल्या जागी. नेलपॉलिशच्या कडा अखंड. मग मी कातीचा डावा सहावा पाय भिंगाखाली घेतला.

नख आखूड होतं. फाटलेलं. शेवटचा सांधा तिरका.

आमचे लॅब अटेंडंट शंकरमामा तेवढ्यात चहा घेऊन आले. औंढ्याचे आहेत, घरची शेती आहे, मला 'बाई' म्हणतात.

"काय झालं ओ बाई? बाटलीत पाल पडली का काय?"

"मामा, कपाट कुणी उघडलं होतं?"

"किल्ली तुमच्यापाशी. मी काय फुंकर मारून उघडतो व्हय?" त्यांनी वाकून ताटलीत पाहिलं. "आँ, कात टाकली की त्येनं."

"मेलेलं आहे ते, मामा. अल्कोहोलमध्ये आहे."

"मग काय झालं? आमच्या औंढ्यात बी हायेत की असले. दिसभर अल्कोहोलमदीच असत्यात, अन् सांजच्याला उठून बसत्यात."

मला हसू आलं नाही. त्यांनी ते पाहिलं आणि चहा ठेवून निघून गेले. मी ताटलीतल्या प्राण्याला चिमट्याने हलकेच दाबून पाहिलं. पुढचा अर्धा भाग नेहमीसारखा कडक. मागचा अर्धा मऊ. अर्धी कात टाकलेला जिवंत प्राणी हाताला असाच लागतो. मी त्याला उलटा केला नाही. एरवी प्रत्येक गोष्ट उलटून बघणारी मी, त्या दिवशी नाही केला. त्याला आणि कातीला परत बाटलीत घातलं, कुलूप लावलं, आणि स्टेशनवर येऊन दोन गाड्या तशाच जाऊ दिल्या.

दुसऱ्या दिवशी कपाटासमोर जास्वंदीचं एक फूल होतं.

"मामा, हे काय?"

"काय न्हाई. ठेवलं आपलं."

"उचला."

"उचलतो. पर बाई, फुलानं त्याचं काय वंगाळ होतंय का?"

मी त्यांना बरंच काही सुनावलं. ज्ञानाच्या जागी फूल ठेवलं की प्रश्न तिथेच मरतो, वगैरे. पत्रकातली वाक्यंच्या वाक्यं माझ्या तोंडून बाहेर पडत होती. मामा शांतपणे ऐकत होते, अशी भाषणं पुष्कळ ऐकलेला माणूस ऐकतो तसे. मग त्यांनी फूल खिशात टाकलं. "लय बोलता तुमी. जेवलाव का सकाळपास्नं?"

जेवले नव्हते.

मॅडम पुण्याहून आल्या. मी त्यांना सरळ सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. काचपट्ट्या पाहिल्या. परत कात पाहिली.

"दुसरा नमुना बाटलीत होता आणि आपल्या नजरेतून सुटला," त्या म्हणाल्या. "त्याची कात. एवढंच असणार."

"पहिल्याच दिवशी मी सगळी बाटली ताटलीत ओतली होती, मॅडम. तुम्ही शेजारी होतात."

"हो."

"आणि ते नख?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"याच प्राण्याची जुनी कात असेल," मी म्हणाले, "तर ती इतके दिवस कुठे होती? आणि नवी असेल, तर डावे पाय जूनमध्येच निघालेले आहेत. नसलेल्या पायांची कात कशी निघेल?"

"डीएनए करू म्हणशील."

"करूया ना."

"त्याने जात कळेल. हाच प्राणी की याचा भाऊ, हे आपल्याकडच्या चाचणीने कळणार नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "सुजाता, ऐक. कातीबद्दल एक शब्दही लिहिला तर लोक प्राणी बाजूला ठेवतील आणि कातीवर बोलतील. मोबाईल घेऊन माणसं दारात येतील. वर्णन साधं जाऊ दे."

"पण कात आहे ना, मॅडम?"

"आहे."

"मग?"

"असू दे."

त्या वाईट नाहीत. माझ्यासारख्या मुलीला या क्षेत्रात ज्यांनी दार उघडून दिलं त्या मॅडमच आहेत. पण 'असू दे' हे उत्तर मला लहानपणापासून कुणी दिलेलं नाही.

रविवारी मी टाकव्याला गेले. दादा ओट्यावर पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. त्या महिन्यात त्यांचं एकच काम चाललं होतं. पवना धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसवर एक बुवा दर गुरुवारी दरबार भरवायचा आणि मेलेल्या कोंबडीत जीव घालून दाखवायचा. पुण्यातून गाड्या भरून माणसं यायची, आजारी पोरं आणायची, औषधं बंद करायची. दादा ती युक्ती भर बाजारात करून दाखवत. कोंबडीची मान पंखाखाली दाबायची, थोडं झुलवायचं, ती मेल्यासारखी पडून राहते. मग टाळी. लोक हसत, आणि दादा दरवेळी एकच वाक्य म्हणत — "उठली, म्हंजे मेलीच न्हवती."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"मॅडमनी केलं असंल का?"

"नाही, दादा."

"त्यो शिपाई?"

"नाही."

"तू?"

"दादा..."

"इचाराय नको? दुसऱ्याच्या पोरीला इचारलंच असतं की."

मंगळवारी ते लोणावळ्याला आले. मॅडमना नमस्कार केला, परवानगी मागितली आणि कामाला लागले. कपाटाचे बिजागर पाहिले, मागचा पत्रा वाजवून पाहिला. शंकरमामांना व्हरांड्यात नेऊन बरंच काही विचारलं. मामा परत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "तुमचं वडील पोलिसात होते का ओ?" दादांनी बाटलीतल्या अल्कोहोलात कापसाचा बोळा बुडवला, बेसिनमध्ये ठेवून काडी लावली. निळी ज्योत आली. म्हणजे पाणी नव्हतं. मग ते सूक्ष्मदर्शकावर बसले. एक डोळा मिटायचा नाही हे त्यांना शिकवावं लागलं. ते तोंडातल्या तोंडात मोजत होते ते मला ऐकू येत होतं.

"आता त्येला पालथं कर," ते म्हणाले.

मी केलं. करायचंच होतं कधीतरी.

"हितं डावीकडं तू कापलंस?"

"हो."

"हितं कातडी आलीया."

मी पाहिलं. जूनमध्ये मी सुईने सांधा सोडवला होता तेव्हा तिथे फाटकी कड राहिली होती, आतले स्नायूंचे धागे दिसत होते. माझ्या चित्रात ते आहेत. आता तिथे कड नव्हती, धागे नव्हते. मागच्या अर्ध्यातल्या तीन ठिकाणी तीन गोल, गुळगुळीत टोकं. दादांनी नकळत आपला उजवा हात ताटलीशेजारी ठेवला. प्रेसने त्यांच्या पहिल्या बोटाचं पेर नेलं त्याला बरीच वर्षं झाली. ते टोकही असंच आहे — गोल, चकचकीत, वर नख नसलेलं.

मी बल्ब आणखी जवळ ओढला.

"सुजे," दादा भिंगावरून डोळे न काढता म्हणाले, "कोंबडी उठली तर आपण काय म्हंतो?"

"मेलीच नव्हती."

"मग ह्ये?"

"दादा, कित्येक महिने अल्कोहोलमध्ये होतं. त्यात काहीही जिवंत राहत नाही. शक्यच नाही."

"कापायच्या आदी तू बघितलं होतंस का, मेलंय म्हणून?"

"कुणीच बघत नाही. बाटलीत आलं म्हणजे ते मेलेलंच असतं."

"म्हंजे न्हाई बघितलं."

मॅडम आपल्या टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

आम्ही स्टेशनकडे चालत निघालो. धुक्यात चिक्कीच्या दुकानांचे दिवे भर दुपारी लागलेले होते. दादा माझ्यापुढे चालत होते, एकदम थांबले.

"ह्ये आत्ता लिहू नको."

"काय?"

"त्या कातीचं. गुरुवारी त्यो बुवा माईकवर सांगंल, बघा, टाकव्याची शिकलेली पोरगी काय म्हंती, कापलेल्यात बी जीव येतो. पत्रकवाल्याची पोरगी. किती पोरांची औषधं बंद हुतील, इचार कर."

"तुम्हीच शिकवलंत, जे आहे ते लिहायचं."

"मीच शिकवलं. म्हणून तर मीच सांगतोय."

"दादा, आपल्याला सोयीचं नाही ते आपण झाकलं, तर त्या बुवात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

इतके थकलेले मी त्यांना कारखान्याच्या संपात सुद्धा पाहिलं नव्हतं.

"फरक हाय," ते म्हणाले. "त्येला झोप लागती."

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. बसले की उठावंसं वाटे. बाटली कपाटात असली की काढून बघावीशी वाटे, काढली की नको होई. पुढच्या अर्ध्याची कात अजून यायची होती — म्हणजे यायलाच हवी होती, हे जर खरंच कात टाकणं असेल तर. ती आली नाही. मी रोज पाहिलं. ती न आल्याने मला सुटल्यासारखं वाटलं असं म्हणावं, तर तेही खरं नाही. मध्येच थांबलं, असं वाटे. आणि ते थांबलं कशामुळे, असं मनात आलं की मी चिमट्याने दाबलेलं आठवे.

शेवटी मी पेपरात एक ओळ घातली. नमुन्याच्या वर्णनाखाली, साध्या शब्दांत: 'बाटलीत मागच्या अर्ध्या अंगाची एक संपूर्ण कात मिळाली, तिचे डावे पाय जागेवर आहेत. ती कुठून आली हे सांगता येत नाही.' जीव आला, चमत्कार झाला, असलं काही नाही. मिळाली, एवढंच.

मॅडमनी ती ओळ खोडली. मी परत घातली. त्यांनी मला समोर बसवलं.

"जर्नलचे परीक्षक हसतील, सुजाता."

"हसू देत."

"हसून थांबणार नाहीत. सगळं वर्णनच संशयास्पद ठरवतील. माझी इतक्या वर्षांची..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "ओळ राहणार नाही."

"मग माझं नावही नको."

"जातीच्या मागे लागायचं नाव आहे ते. एकदा गेलं की पुन्हा लावता येत नाही. तुला कळतंय का तू काय सोडतेयस?"

"कळतंय, मॅडम. चित्रं माझी आहेत ती वापरा. ती खरी आहेत. पण त्या वर्णनात जे नाही ते मला माहीत आहे, त्याच्यावर मी सही करणार नाही."

त्यांनी मला विचार करायला वेळ दिला. मी तो घेतला, आणि पुन्हा तेच सांगितलं.

पेपर छापून आला. चांगला आहे. डाव्या सहाव्या पायाचं चित्र सुद्धा आहे, तिरक्या नखासकट. माझं नाव शेवटी, आभारांत, जहाजावरच्या लोकांनंतर. नमुना, काचपट्ट्या आणि वेगळ्या कुपीत ती कात, सगळं संग्रहालयात गेलं. कुपीवर मॅडमनी स्वतःच्या हाताने फक्त 'कात' लिहिलं. कुणाची, ते लिहिलं नाही. त्यांच्या बाजूने त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं, असं मी धरून चालते.

टाकव्यात लोकांनी विचारलंच. दादांनी काय सांगितलं मला माहीत नाही. बुवाने फार्महाऊस सोडलं, दुसरीकडे गेला. कोंबडी त्याला कुठेही मिळेल. हे सगळं मी इथे लिहिते आहे ते दादांना सांगून. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. जेवताना मध्येच एवढंच म्हणाले, "नाव गेल्याचं वाईट वाटतं का?"

"नावाचं नाही."

"मग?"

"पायांचं."

त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली.

काय झालं ते मला अजून समजलेलं नाही. शक्य असलेल्या सगळ्या गोष्टी मी तपासल्या, दादांनी तपासल्या, मॅडमनी मनातल्या मनात का होईना तपासल्या. अल्कोहोलमध्ये काही जगत नाही हे मी आजही तुम्हाला पटवून देईन. आणि ती तीन टोकं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि ती मला एका कागदावर लिहिता येत नाहीत.

मागच्या आठवड्यात त्याच जहाजावरून नवी बाटली आली. दुसरा प्राणी आहे, लहान, कोळंबीच्या जवळचा. मॅडमना डावी बाजू शुक्रवारपर्यंत हवी आहे. मी त्याला ताटलीत घेतलं, सुई डाव्या पहिल्या पायाच्या सांध्याशी नेली, आणि थांबले. तो हलतो का ते बघत बसले. हलला नाही. आज गुरुवार आहे. अजून बघतेच आहे.